रामटेकच्या टेकडीवरून

नागपुराहून जबलपूरच्या रस्त्यानें निघून मनसरला उजवीकडे वळलें, कीं थोड्याच वेळांत रामटेकची टेकडी दिसूं लागते. रामदर्शन घेऊन तटापाशीं उभें राहिलें, म्हणजे खिंडसीचें पाणी दृष्टीस पडतें. उत्तरेस डोंगरांपलीकडे पेंचचें अरण्य आहे. सीतामाईसाठीं प्राण वेंचणाऱ्या जटायूच्या कुळास पुन्हा घर देण्याचा प्रयत्न त्या अरण्यांत चालला आहे, ही गोष्ट रामाच्या दारीं विशेषच आठवते.

गिधाड आपण अशुभ मानतों. परंतु मेलेलें गुरूं फस्त करून शिवार निर्मळ ठेवण्याचें काम त्याच्याइतकें कोणीच करीत नाहीं. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें हजारांत एक या प्रमाणांत उरलीं. कारण २००४ सालीं उमगलें. दुखणाईत गुरांस टोचलें जाणारें डायक्लोफेनॅक हें वेदनाशामक औषध त्यांच्या मांसावाटे गिधाडांच्या पोटांत जाई व मूत्रपिंडें निकामी होऊन तीं मरत. गाईवर दया केली आणि गिधाड दगावलें! शिवाय मादी वर्षाकाठीं एकच अंडें घालते. मग ही तूट लवकर कशी भरावी?

२००६ सालीं गुरांसाठीं या औषधास सरकारनें बंदी केली. हरियाणांतील पिंजोर येथें तेथील वनखातें व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनीं ‘जटायु’ नांवाचें पैदास केंद्र चालविलें. तेथून जानेवारी २०२४ मध्यें लांब चोचीचीं १० गिधाडें पेंचला आणि पांढऱ्या पाठीचीं १० ताडोबास आणलीं. नव्या रानाची संवय व्हावी म्हणून प्रथम तीं मोठ्या पिंजऱ्यांत ठेविलीं होतीं.

ताडोबांतून सुटलेलें एक गिधाड पुढें सुमारें ४,००० किलोमीटर भ्रमण करून थेट तामिळनाडूंत पोहोंचलें. अशा पक्ष्यास अरण्याची सीमा ती काय राखणार? वनरक्षकानें पेंचांत कितीही पहारा केला, तरी शेंकडों कोसांवरील एखाद्या गोठ्यांतील सुईनें तें मरावयाचें. म्हणून हें कार्य वनखात्याइतकेंच शेतकऱ्याचें, औषधविक्रेत्याचें व गुरांच्या डॉक्टराचेंही आहे. मेलॉक्सिकॅम हें औषध गुरांस गुणकारी असून गिधाडांस निर्धोक ठरलें आहे. ज्या वाचकांच्या गांवच्या वाड्यांत अजून गुरें आहेत, त्यांनीं तेवढें एक नांव गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावें. रामानें जटायूचे अंत्यसंस्कार केले. आपल्याला त्याच्या वंशजांस जगविण्याची संधि आहे.