पूरक की पर्यायी

‘विषय : इयत्ता तिसरीसाठी पर्यायी अध्ययन साहित्य वापरण्यास परवानगी मिळणेबाबत.’

या ओळीतला ‘पर्यायी’ हा शब्द मी माझ्या हातानं खोडला आणि वर ‘पूरक’ लिहिलं. त्याला तीन वर्षं झाली. संपादकांनी या अंकासाठी शाळांना वेगळं शिक्षणसाहित्य वापरायची परवानगी कशी मिळते ते सोप्या भाषेत लिहायला सांगितलं, तेव्हा मला आधी ती खोडलेली ओळच आठवली. माझी नोकरी शिक्षक घडवणाऱ्या संस्थांमध्ये आणि साहित्य छाननीच्या समित्यांवर गेली. अशा शेकडो फाइली मी वाचल्या आहेत. सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न करते, पण हा विषय कलमांशिवाय उलगडत नाही.

ती फाइल मनमाडजवळच्या एका छोट्या जिल्हा परिषद शाळेची होती. तिथल्या तरुण सरांनी तिसरीच्या गणितासाठी आणि परिसर अभ्यासासाठी चाळीस कार्डं केली होती. विषय एकच, पाणी. मनमाडमध्ये वाढलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. माझे वडील इथल्या रेल्वे वर्कशॉपात होते. पुलांचे गर्डर बनवून दमलेला माणूस घरी आला की पहिला प्रश्न असायचा, ‘नळ आला का?’ पालखेडच्या कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, कधी, वागदर्डी धरणात किती साठा आहे, दोनशे लिटरच्या पिंपात पाच माणसांचं कुटुंब किती दिवस काढेल, या हिशेबावर आमची पिढी मोठी झाली. सरांनी तोच हिशेब कार्डांवर आणला होता. दोन आवर्तनांमधले दिवस कॅलेंडरवर मोजा. टँकरमधून किती पिंपं भरतील ते वाटून काढा. बेरीज, वजाबाकी, भागाकार, धारकता, कालमापन, सगळं त्यात होतं, आणि मुलं ती कार्डं घेऊन घरी आजीशी भांडत होती की पिंप चार दिवसांत संपायला नको होतं.

सरांना ही कार्डं पुस्तकाच्या जागी वापरायची होती. पुस्तक संपल्यावर उरलेल्या वेळात नाही. माझ्या मते ही मागणी कायद्यात बसणारी होती, आणि नेमकं हेच लोकांना माहीत नाही.

तीन शब्द वेगळे करायला हवेत. अभ्यासक्रम म्हणजे मुलानं काय शिकावं याची मोठी चौकट. पाठ्यक्रम म्हणजे त्यातलं कोणत्या इयत्तेत, कोणत्या विषयात किती. पाठ्यपुस्तक म्हणजे तिथवर पोचायचं एक साधन. शिक्षण हक्क कायदा २००९चा. त्याचं कलम २९ म्हणतं की अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत राज्यानं नेमलेलं शैक्षणिक प्राधिकरण ठरवील. आपल्याकडे ते काम पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आहे. या कलमात पाठ्यपुस्तकाचा उल्लेख नाही. उलट कृती, शोध आणि अनुभव यांतून शिकणं हवं आणि शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून हवं, असं त्यातच लिहिलं आहे. पण कलम २४ शिक्षकाला सांगतं की संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या वेळेत पुरा करा. शिक्षक तिथे ‘अभ्यासक्रम’ वाचतो आणि मनात ‘पुस्तक’ धरतो. त्याचा अधिकारीही तेच धरतो. पालक तर धरतातच. ‘पुस्तकातलं कधी शिकवणार?’ हा प्रश्न मी प्रत्येक पालकसभेत ऐकला आहे. दुसरीकडे ‘वेगळा अभ्यासक्रम’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सीबीएसई येतं, नाहीतर इंटरनॅशनलची पाटी लावलेली पिवळी बस येते. चार खोल्यांच्या मराठी शाळेतला शिक्षक स्वतः बनवलेल्या साहित्याला मान्यता मागतो आहे, हे चित्र कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही.

परवानगीची वाट अशी. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. मुख्याध्यापकांचं पत्र. केंद्रप्रमुखांचा अभिप्राय. मग गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेचं मत, आणि गरज पडली तर पुणे. प्रत्येक टेबलावर एकच गोष्ट बघायला हवी, तक्ता. डावीकडे अध्ययन निष्पत्ती, म्हणजे ‘मूल हे करू शकतं’ अशी क्रमांक दिलेली वाक्यं. उजवीकडे, कोणत्या कार्डातून ती साधते. २०१७ पासून या निष्पत्ती शिक्षणव्यवस्थेचा अधिकृत भाग झाल्या, आणि मला ते फार मोठं पाऊल वाटलं होतं, अजूनही वाटतं. कारण निष्पत्ती ठरली की साधन मोकळं होतं. पुस्तकातून जा, कार्डांतून जा, शेतातून जा, पोचायचं कुठे ते पक्कं.

प्रत्यक्षात टेबलावर तक्ता सहसा वाचला जात नाही, विषयाची ओळ वाचली जाते. ‘पूरक’ दिसलं की सही होते. पूरक म्हणजे असलेल्यात भर, त्यानं कुणाची जबाबदारी वाढत नाही. ‘पर्यायी’ दिसलं की प्रश्न उठतो, मग पुस्तकाचं काय? उद्या चाचणीचा पेपर पुण्याहून आला आणि मुलांना जमला नाही तर उत्तर कोण देणार? हा प्रश्न खोटा नाही. सही करणारा माणूसही कुणालातरी उत्तर देणं लागतो. म्हणून मी सरांना म्हटलं, शब्द बदला, काम होईल. झालंही, तीन आठवड्यांत. कार्डं पूरक ठरली, पुस्तक पूर्ण करायचं तसंच राहिलं, आणि ऑक्टोबरपर्यंत कार्डं कपाटात गेली, कारण दोन्ही करायला तासिका कुठून आणणार? पुढच्या वर्षी सरांची बदली झाली.

एकाच पुस्तकाचं हे स्थान नेहमीच नव्हतं. एक काळ असा होता की मान्यता ही पुस्तकनिहाय असायची. बालभारतीची स्थापना २७ जानेवारी १९६७ची, कोठारी शिक्षण आयोगाच्या पाठोपाठची. त्याआधी खाजगी प्रकाशकांच्या वाचनमाला सरकारी समितीकडे जात, मंजूर होत, आणि शाळा त्यांतून निवड करत. आचार्य अत्र्यांची नवयुग वाचनमाला त्या काळातली, ती मराठी घराघरांत आठवली जाते. त्या पद्धतीत प्रकाशकांची चढाओढ होती, वशिलेबाजी होती, पुस्तकं महाग होती. बालभारतीनं पुस्तक स्वस्त केलं, एकसारखं केलं, गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत पोचवलं. मी त्या संस्थेचं हे ऋण मानते. पण एका इयत्तेला एक पुस्तक हे सोयीसाठी ठरलं होतं, आणि सोय पुढे नियमासारखी वागू लागली. खुद्द बालभारती तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याला वेगळं छापत आली. नाशिकच्या मुलाला नाशिक जिल्हा, लातूरच्या मुलाला लातूर. जिल्ह्याला वेगळं पुस्तक चालतं, तर पाण्यासाठी झुरणाऱ्या एका तालुक्याला चाळीस कार्डं का चालू नयेत?

आणि ही मागणी आजची नाही. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत काय हवं ते सांगितलं आहे : मोडी आणि बाळबोध वाचनलेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. खेड्यातल्या शाळेचे विषय शहरापेक्षा कमी असले तरी चालतील, व्यवहाराला कमी पडता कामा नयेत, असा त्यांचा आग्रह होता. ठिकाण बदललं की साहित्य बदलावं, हे तेव्हा मागितलं गेलं होतं.

थोड्या शाळांत आधी करून न बघितल्यानं काय होतं, ते एका वादात दिसलं. त्यावर मला थांबायचंच आहे, तो संख्यावाचनाचा. जून २०१९ मध्ये दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं आणि त्यात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’, ‘बासष्ट’च्या जोडीला ‘साठ दोन’ असं वाचन होतं. महाराष्ट्र पेटला. भाषा बुडाली म्हणून अग्रलेख आले, विधानसभेत टोमणे झाले. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या की जुनी नावं काढलेली नाहीत, दोन्ही दिली आहेत. ऐकायला कुणी तयार नव्हतं.

अडचण खरी आहे, ती समजून घ्या. मराठीत आपण ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी उच्चारतो आणि साठ नंतर. लिहिताना सहा आधी येतो, तीन नंतर. सात वर्षांचं मूल ऐकतं तसं लिहितं आणि ३६ करतं. त्यात एकोणीस, एकोणतीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ नावं पुढच्या दशकाच्या आधाराने येतात, आणि नव्व्याण्णव मात्र त्या रांगेत बसत नाही. ‘एकोणपन्नास’ ऐकून ५९ लिहिणारी मुलं मी दर वर्षी पाहिली, हुशार मुलं. कानडीत ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, वीस आधी, एक नंतर. आमच्या मनमाडहून सिकंदराबादला गाडी जाते, त्या टोकाला तेलुगूतही दशक आधीच येतं. त्या मुलांना ही अडचण नाही. मग मराठी मुलाला वर्षभर एक पायरी दिली तर भाषा कशी बुडते? पण हेही खरं की मोठ्या माणसांच्या कानाला ते परकं लागतं, बाजारात ते चालत नाही, आणि दोन नावं एकदम दिली तर काही मुलं अधिकच गोंधळतील ही शंकाही रास्त होती. यातलं खरं काय, हे वर्गात दोन-तीन वर्षं बघूनच ठरलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. ‘वीस एक’ आधी शंभर शाळांत पर्यायी साहित्य म्हणून गेलं असतं, शेजारच्या शंभर शाळांत जुनं वाचन राहिलं असतं, तर २०१९ साली आपल्याजवळ भांडायला निदान मुलांच्या वह्या असत्या. तशी वाटच आपण ठेवलेली नाही. थोड्या शाळांत, थोड्या काळासाठी, पुस्तकाऐवजी काही करून बघायला जागा नाही, म्हणून प्रत्येक नवी कल्पना एकदम सगळ्या राज्याच्या दप्तरात जाते आणि एकदम सगळ्या राज्यात बदनाम होते. चांगली असो की वाईट, तिची पारख होतच नाही.

अशी वाट शेजारच्या मध्य प्रदेशात निघाली होती. आमच्याच लोहमार्गावर इटारसीच्या पुढे होशंगाबाद, आताचं नर्मदापुरम, आहे. तिथे १९७२ साली सोळा उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान प्रयोगांतून शिकवायला सरकारनं किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांना परवानगी दिली. पुस्तक वेगळं, परीक्षा वेगळी, परीक्षेत पुस्तक उघडून बघायची मुभा. सहा वर्षांनी, १९७८ मध्ये, ते सगळ्या जिल्ह्यात गेलं. ‘एकलव्य’ संस्था त्यातूनच उभी राहिली. २००२ मध्ये सरकारनं तो कार्यक्रम बंद केला, याचं मला आजही दुःख आहे. पण तीस वर्षं तो सरकारी शाळांत चालला, कारण परवानगी देणाऱ्यांनी पुस्तकासोबत परीक्षाही बदलायला मान्यता दिली होती. साहित्य पर्यायी आणि परीक्षा जुनीच, अशी परवानगी म्हणजे बैल मोकळा सोडला म्हणायचं आणि दावं खुंट्यालाच बांधलेलं ठेवायचं.

आणि वाट नसली की काय होतं, ते गडचिरोलीत दिसलं. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी भाषेतून शिकवणारी शाळा काढली. प्रशासनानं ती अनधिकृत ठरवली. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर शिक्षण हक्क कायद्यात एक लाखापर्यंत दंड आणि पुढे दिवसाला दहा हजार आहे. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. मुलाच्या भाषेतून शिकवा असं सांगणारा कायदा आणि त्या शाळेला दंड सांगणारा कायदा एकच आहे. मी छाननीच्या खुर्चीवर बसले होते, म्हणून ते प्रकरण वाचताना मला बाहेरून बघता येत नाही. तो अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मीही विषयाची ओळच आधी वाचली असती का, हा प्रश्न मला सोडत नाही.

या जूनमध्ये त्या सरांचा फोन आला. नव्या शाळेतही पाण्याचे तेच हाल. कार्डं पुन्हा काढली आहेत, नवा प्रस्ताव लिहितो आहे, विषयाच्या ओळीत काय लिहू? मी म्हटलं, ‘पर्यायी’ लिहा, आणि सोबत मुलांची चाचणी कशी घ्यायची तेही लिहा. तक्ता मी तपासून देते.

तक्ता बसवताना एका ठिकाणी अडलो. तिसरीला वजन आहे, किलो आणि ग्रॅम. पाण्याच्या चाळीस कार्डांत किलो कुठेच नव्हता. पहिल्या फाइलीवरही हाच शेरा होता, आणि तो बरोबर होता. आठवडाभर आम्ही दोघं बाजाराची कार्डं जोडावीत का यावर बोललो. मग एका संध्याकाळी सरांनी कळवलं की मुलांनी किराणा दुकानातला वजनकाटा वर्गात आणवला आणि रिकामा हंडा, मग भरलेला हंडा तोलला. लिटरच्या मापानं बारा लिटर ओतलं होतं, काट्यावर बारा किलो वाढले. एका मुलीनं विचारलं, माझी आई दिवसातून असे किती किलो उचलते? ते एकेचाळिसावं कार्ड झालं. तक्त्यातली ती ओळ आता भरली आहे.