मामाची बिअर आणि आजीचं माल्ट

शीर्षक वाचून रेक्टर मॅडमच्या भुवया वर गेल्या असतील, तर आधीच सांगून टाकते: आमच्या रूमवर काहीही आंबत नाहीये. (रविवारचा उरलेला डबा सोडून!) शिवाय मी वीस वर्षांची आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात आणि हार्ड लिकरसाठी २५. म्हणजे ज्या वस्तूवर मी चार पानं लिहिणार आहे ती मी चाखलेलीसुद्धा नाही. तरी लिहितेय, कारण केमिकलच्या तीन वर्षांत जी युनिट ऑपरेशन्स आम्ही वेगवेगळ्या पेपरांत तुकड्या-तुकड्याने शिकलो, ती सगळी एका ओळीत लागलेली मी पहिल्यांदा माझ्या मामाच्या गॅरेजमध्ये पाहिली, तीही व्हिडिओ कॉलवर. आणि हो, शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे माझं मराठी जरा 'मिक्स्ड व्हेज' आहे. सांभाळून घ्या.

मामा अमेरिकेत, मिनेसोटात असतो. तिकडे घरच्या घरी बिअर बनवणं हा चक्क छंद आहे, आपल्याकडे कुणी गच्चीत गुलाब लावतं ना, तसा. इंग्लंडमध्ये १९६३ पासून त्याला लायसन्स लागत नाही. अमेरिकेत जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केली आणि पुढच्या वर्षापासून एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर स्वतःपुरती करायची मुभा मिळाली. विकायची मात्र नाही.

गॅरेजमध्ये सामान तरी काय असावं? लग्नात भात शिजवतात तेवढं एक स्टीलचं पातेलं. तांब्याच्या नळीचं वेटोळं, म्हणजे आपला हीट एक्स्चेंजर. झाकणाला भोक असलेली एक बादली आणि त्या भोकात पाणी भरलेला एअरलॉक, ज्यातून गॅस बाहेर जातो पण हवा आत येत नाही. बाटल्यांना टोपण दाबून बसवायचं हँडलचं यंत्र. थर्मामीटर आणि हायड्रोमीटर. आणि निर्जंतुक करायचं औषध, जे मामा इतकं वापरतो की मामी म्हणते, "घरातली भांडी कधी अशी घासली असतीस तर!"

साहित्य चारच: बार्ली, हॉप्स, यीस्ट आणि पाणी. बव्हेरियातल्या १५१६ च्या प्रसिद्ध कायद्यात तर तीनच आहेत, कारण यीस्ट नावाचा जीव असतो हे तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं. हॉप्स ही एका वेलीची फुलं, कडवटपणासाठी आणि टिकण्यासाठी. आपल्याकडे ती पार हिमाचलमध्ये लाहौलच्या खोऱ्यात पिकवतात.

आता प्रोसेस. बार्लीत स्टार्च असतो, आणि यीस्टला स्टार्च खाता येत नाही, साखर लागते. म्हणून बार्ली भिजवायची, मोड आणायचे. मोड येताना दाण्यात अमायलेज एन्झाइम तयार होतात. मग मोड वाळवायचे, की झालं माल्ट. हे माल्ट भरडून ६५-६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवलं की एन्झाइम स्टार्चची साखर करून देतात. ७५ च्या वर गेलात तर एन्झाइम संपले, फार खाली राहिलात तर स्टार्च नीट उघडत नाही. गाळून जो गोड काढा मिळतो त्याला वर्ट म्हणतात. तो हॉप्स घालून तासभर उकळायचा, झटकन २० अंशांपर्यंत थंड करायचा, यीस्ट घालायचं. दोन आठवडे बादलीत, मग थोडी साखर घालून बाटलीत आणखी दोन आठवडे. बाटलीतला फेस त्या शेवटच्या साखरेचा.

हे मामा समजावत होता तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बव्हेरिया वगैरे काही आलं नाही. माझी आजी आली! पन्हाळा तालुक्यात तिचं गाव. लहानपणी मला पाजायला ती नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायची, सावलीत वाळवून दळायची. ते माल्टच की. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत आपण धान्य उगवतो, तोही माल्टिंगचा पहिला भाग. हॉर्लिक्समध्ये बार्लीचंच माल्ट असतं, म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलभर जे ढवळलं जातं ते बिअरचं सख्खं चुलत भावंड आहे. फरक एवढाच, की तिकडे यीस्ट गेलं आणि इकडे दूध.

दुसरी गंमत हायड्रोमीटरची. वारणानगरला राहून ज्याला ब्रिक्स माहीत नाही असा विद्यार्थी दाखवा. हंगामात कारखान्याच्या दिशेने मळीचा वास आला की पहिल्या वर्षाचं पोरगंही रिकव्हरीवर बोलायला लागतं. तर बिअरवाले ज्याला 'प्लेटो' म्हणतात ते प्रत्यक्षात आपलं ब्रिक्सच, १०० ग्रॅम द्रावणात किती ग्रॅम साखर. मामाचा वर्ट साधारण १२ असतो. आपल्या उसाचा रस त्याहून कितीतरी गोड. यीस्टने साखर खाल्ली की काढ्याची घनता उतरते. सुरुवातीला १.०४८ आणि शेवटी १.०१२ आली, तर फरकाला १३१ ने गुणायचं: पावणेपाच टक्के अल्कोहोल. संपलं. बाटलीत काय आहे ते कळायला जीभ लागत नाही.

खरं म्हणजे हे मोजण्याचं वेड या धंद्यातूनच आपल्या पुस्तकांत आलंय. ज्याच्या नावाने आपण एनर्जी मोजतो तो जूल सॅल्फर्डच्या बिअर बनवणाऱ्या घराण्यातला. पीएच स्केल सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडलं ते कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबोरेटरीत. आणि मॅथ्सवाल्या सरांची लाडकी 'स्टुडंट्स टी टेस्ट'? तो स्टुडंट म्हणजे डब्लिनच्या गिनेस कंपनीतला विल्यम गॉसेट. कंपनी स्वतःच्या नावाने पेपर छापू देत नव्हती म्हणून त्याने १९०८ मध्ये 'स्टुडंट' हे नाव घेतलं. आमच्यासारख्या खऱ्या स्टुडंट्सना त्याने किती पिडलंय हे त्याला कळायला हवं होतं. असो.

इथपर्यंत सगळं मजेचं. पण मामा आजीचा मुलगा आहे, आणि आजीच्या घरात दारू हा शब्द उच्चारत नाहीत.

माझे आजोबा हातभट्टीची पीत. मामा तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि आई सहा. काळा गूळ, नवसागर आणि आणखी काय काय, ते करणाऱ्यालाच ठाऊक. पेपरात आपण 'कच्चे रसायन नष्ट केले' अशी बातमी वाचतो, ते हेच. आजोबा चाळिशीही न गाठता गेले. पुढे गावात दुकान बंद करण्यासाठी बायकांचं मतदान झालं, तेव्हा आजी आडव्या बाटलीवर शिक्का मारून आली आणि घरी येऊन भाकऱ्या थापायला बसली, असं आई सांगते. त्याबद्दल आजी स्वतः काहीच बोलत नाही.

इथे केमिकलची विद्यार्थिनी म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. नुसतं आंबवणं आणि गाळणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आंबवताना अल्कोहोल वाढत गेलं की यीस्ट स्वतःच दमतं, म्हणजे प्रक्रियेलाच एक मर्यादा असते. भट्टी लावून डिस्टिलेशन केलं की ती मर्यादा राहत नाही. त्यात कैफ वाढवायला कुणी मिथेनॉल मिसळलं, तर शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं, आधी दृष्टी जाते आणि मग माणूस. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये शंभराहून जास्त माणसं अशीच गेली. तिथे घनता मोजून काहीही कळलं नसतं, कारण मिथेनॉलची आणि इथेनॉलची घनता जवळपास सारखीच असते. हायड्रोमीटर प्रामाणिक आहे, पण तो सर्वज्ञ नाही.

कायदा हा फरक करत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारू बनवणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, आणि बिअर ही कायद्याच्या लेखी दारूच. पुण्यात २००९ मध्ये डूलालीसारखी मायक्रोब्रुअरी सुरू झाली ती रीतसर लायसन्सवर. गॅरेजवाल्या मामाला इथे जागा नाही. मित्रांशी वाद घालताना मी म्हणते की हे अन्यायाचं आहे. आजीच्या अंगणात बसलं की तेवढं ठामपणे म्हणवत नाही.

तर डिसेंबरच्या सुट्टीत मी ठरवलं, यीस्टच्या अलीकडे थांबायचं. पूजासाहित्याच्या दुकानातून सालीसकट दोन किलो जव आणले. (बियाण्याचे घेऊ नका, त्याला औषध लावलेलं असतं.) आजीला म्हटलं माल्ट करायचंय, नाचणीसारखंच. ती म्हणाली, "मग तुला काय येतंय त्यातलं? सर." पुढचे चार दिवस तीच मालकीण. भिजवायचं, निथळायचं, परत भिजवायचं, ओल्या पोत्याखाली पसरायचं, दिवसातून तीनदा वरखाली करायचं, नाहीतर आतून तापतं. मला ही एक्झोथर्मिक रिॲक्शन पुस्तकात वाचून माहीत होती, तिला हाताला चटका लागून. वाळल्यावर पाट्यावर चोळून मुळं काढली आणि जात्यावर भरडलं. सालं मोडू द्यायची नाहीत, कारण गाळताना तीच फिल्टर बेड होतात.

मग माझी पाळी. माल्ट २४ अंशांना, मला ६६ हवेत, एका किलोला तीन लिटर पाणी. माल्टची विशिष्ट उष्णता पाण्याच्या साधारण ०.४ पट धरली तर पाणी ७१.६ ला हवं. पातेलंही थोडी उष्णता खाणार म्हणून ७४ ला ओतलं. थर्मामीटर ६६ वर थांबला तेव्हा मी अक्षरशः नाचले. हीट ट्रान्सफरचं एकही गणित माझं आयुष्यात असं पहिल्या फटक्यात आलेलं नाही! पातेलं आजीच्या वाकळीत गुंडाळून तासभर ठेवलं. बशीत थेंबभर काढा घेऊन त्यावर टिंक्चर आयोडिन टाकलं, निळं झालं नाही, म्हणजे स्टार्च संपला. गाळून, वरून थोडं गरम पाणी फिरवून सहा लिटर मिळालं. लॅबमधून सरांना विचारून आणलेला ब्रिक्स हायड्रोमीटर सोडला: १३.

आजीने पळीभर चाखलं. "ग्वाड हाय. आता ह्येचं काय हुतंय?"

मी खरं ते सांगितलं. यात यीस्ट घातलं की मामा करतो ते होतं. नाही घातलं तरी दोन दिवसांत हवेतलं काहीतरी पडून आपोआप आंबेल.

ती बराच वेळ पातेल्याकडे बघत बसली. तेवढ्यात मामाचा फोन आला. तिकडे रात्र होती. मी कॅमेरा पातेल्यावर धरला, मग आजीवर. मामाचं तोंड उतरलेलं मला स्पष्ट दिसलं.

"तू अजून करतोयस व्हय रं ते?" आजीने विचारलं.

"करतो," मामा म्हणाला. "आई, अण्णांना ते काय पितात हे कधी कळलंच नाही. मला माझ्या बाटलीत काय आहे ते दशांशापर्यंत माहीत असतं. महिन्यातनं दोन बाटल्या पितो, बाकीच्या वाटून टाकतो. मला करायला आवडतं."

"मापून घाटली म्हणून काय दूध हुतंय?"

मामा गप्प. मीही गप्प. मला मामाचं बोलणं पटलं होतं, अजूनही पटतं. पण अण्णांच्या मागे दोन पोरं हिने वाढवली होती, आणि तिच्यापुढे दशांश चिन्ह फार लहान दिसत होतं.

मग आजी उठली आणि चुलीत लाकडं सारली. "आटवू ह्येला," ती मला म्हणाली. "काकवीगत हुस्तंवर. मग काय बी आंबत न्हाई."

हे इतकं बरोबर आहे की मी हातातला मोबाइल पाडणार होते. ८० ब्रिक्सपर्यंत गेलेल्या पाकात यीस्टला जगायला पाणीच उरत नाही. काकवी टिकते ती त्यामुळेच. आम्ही दोघींनी दुपारभर ढवळलं. सहा लिटरचं किलोभर झालं, काळपट तांबूस, गुळापेक्षा कमी गोड आणि भाजल्याच्या वासाचं. रात्री मामाला फोटो पाठवला तर त्याचा लगेच मेसेज: "अगं, हे माल्ट एक्स्ट्रॅक्ट! नवशिके लोक इथे हेच डब्यातून विकत आणून बिअर करतात."

मी ते आजीला वाचून दाखवलं. चोथा तिने तोवर म्हशीपुढे टाकला होता आणि म्हैस मन लावून खात होती. आजीने काचेची बरणी पुसली, पाक भरला, झाकण घट्ट लावलं आणि फडताळात वरच्या फळीवर ठेवली.

"त्येला सांग," ती म्हणाली, "मे म्हैन्यात येशील तवा भाकरीसंगं खायाला ठेवलंय."