डाव्या बाजूची खिडकी

विमानाचे तिकीट काढताना बहुतेक जण पुढची रांग किंवा ये-जा करण्यास सोयीची कडेची जागा पाहतात. दिल्लीहून बागडोगऱ्यास जाणाऱ्याने मात्र आधी नकाशा पाहावा. हे विमान सुमारे दोन तास पूर्वेकडे जात असते. म्हणजे उत्तर दिशा, आणि तिच्यासह हिमालयाची रांग, डाव्या हातास. सहा आसनांच्या रांगेत तिकडची खिडकी ‘ए’. परतताना तीच बाजू ‘एफ’ होते.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही उभयता मुलीकडे सिलिगुडीस गेलो. सौ.च्या हृदयावर शस्त्रक्रिया झाल्यापासून डॉक्टरांनी तिला विमानप्रवासाची अनुमती दिली आहे, परंतु उंच डोंगराळ ठिकाणी राहण्यास मनाई केली आहे. दार्जिलिंग, गंगटोक ही नावे आमच्या यादीतून कायमची वजा झाली. बदल्या, मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते यांत हिमालय दरवर्षी ‘पुढच्या वर्षी’वर जात राहिला होता. आता तिच्या वाट्यास त्याची एक खिडकी तेवढी उरली होती. त्यामुळे आसनाचे वेगळे पैसे भरताना, सारा जन्म बँकेत जाऊनही, माझा हात आखडला नाही.

नुसती ‘ए’ घेऊन भागत नाही. मधल्या रांगांत बसल्यास खाली पाहावे तर पंखच दिसतो. पंखाच्या मागे इंजिनाच्या तप्त झोताने दृश्य थरथरते. काही बोइंग ७३७ विमानांत तर एका रांगेस खिडकीच नसते. पैसे भरून भिंत पाहावी लागते! म्हणून पंखाच्या बरीच पुढची रांग घेतली, आणि विमान सकाळचे. त्या वेळी सूर्य उजवीकडे असतो. डावीकडे डोळे दिपत नाहीत आणि शिखरांवर मात्र ऊन पडलेले असते. दुपारनंतर डोंगरांवर ढग जमू लागतात. पावसाळा सरल्यावर हवा स्वच्छ असते खरी, तरी ढगांची हमी कोण घेणार? हे विनातारण कर्ज आहे, असे सौ.ला मी आधीच बजावले होते.

आरंभी क्षितिजावर केवळ एक पांढरी रेघ होती. मग तिला दात फुटले. धवलगिरी, अन्नपूर्णा, मनास्लू हा क्रम मी वहीत लिहून नेला होता. एव्हरेस्ट ओळखण्यास कठीण. दक्षिणेकडून पाहताना ल्होत्से-नुप्त्सेच्या भिंतीमागून त्याचा काळसर माथा तेवढा डोकावतो. शेजारचा मकालू अधिक देखणा. १८५६ साली एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट जाहीर झाली, तीही शंभराहून अधिक मैल दूर, मैदानातून मोजलेल्या कोनांवरून. त्या आकडेमोडीत राधानाथ सिकदारांचा वाटा मोठा. आजच्या ८,८४८.८६ मीटरांशी ताडून पाहिले तर फरक जेमतेम तीस फुटांचा. अशा ताळेबंदापुढे आम्ही बँकवाल्यांनी हातच जोडावेत.

हे सारे मी ‘बी’वरून, तिच्या खांद्यावरून पाहत, सांगू लागलो होतो.

“अहो, नावं नंतर सांगा,” ती काचेवरून नजर न काढता म्हणाली, “आधी मला पाहू द्या.”

मी वही मिटली. कांचनजंगा आली तेव्हा ती तिने स्वतःच ओळखली. विमान उतरण्यासाठी वळेपर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही.