धावणाऱ्यांचे पाणी

दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या वाटेवर धावकांना ठिकठिकाणी पाणी दिले जाते. २००४ पासूनच्या या शर्यतीत अनेक जण सेवाभावी संस्थांसाठी निधी उभारतात. ज्येष्ठांची वेगळी, छोटी दौडही असते. मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा शहापूर तालुक्यातील भातसा धरणाचा; तेथलेच तानसा तर १८९२ सालचे.

आसनगावला उतरून एप्रिल-मेमध्ये आदिवासी पाड्यांकडे जावे, तर टँकरची वाट पाहणाऱ्या हंड्यांच्या रांगा दिसतात. पावसाळ्यात कोसळलेले पाणी कातळावरून वाहून गेलेले असते. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे डोक्यावर पंधरा किलो, भांड्याचे वजन निराळे. साठीच्या आजीही ही खेप करतात. मान आणि गुडघे त्याची किंमत मोजतात. शेजारच्या मुरबाडमधील फांगणे गावी २०१६ च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. त्या पिढीला पाटी उशिरा मिळाली, हंडा मात्र लहानपणीच.

निधी देताना विहिरीतील गाळ काढणे, झऱ्याशी टाकी बांधणे अशा कामांची संस्थेकडे चौकशी करावी. काम पाहायला मात्र मे महिन्यातच जावे. श्रावणात इथे सारेच हिरवे दिसते.