उड्डाणापूर्वीचा तास

जळगावच्या विमानतळाची धावपट्टी १,७०० मीटर लांबीची आहे, आणि वर्षातले बहुतेक महिने ती आमच्या कामाला पुरून उरते. परंतु वैशाखात, जेव्हा पारा ४५ अंशांना टेकतो आणि कुसुंब्याच्या बाजूचे माळरान सकाळी अकरापासूनच थरथरताना दिसू लागते, तेव्हा तीच धावपट्टी आखूड होते. ही कविकल्पना नव्हे. तापलेली हवा विरळ असते, विरळ हवेत पंखांना आधार अपुरा मिळतो, इंजिनाचाही जोर ओसरतो. आणि समुद्रसपाटीपासून जेमतेम २५० मीटर उंचीवर वसलेले जळगाव अशा दुपारी विमानाच्या हिशेबी महाबळेश्वराच्याही वर जाऊन बसते. मग वैमानिक वजनाची यादी मागतो : इंधन किती, माणसे किती, प्राणवायूचे सिलिंडर किती, रुग्ण किती किलोचा. यादीतून काय वगळावे याचा खल सुरू झाला की मी माझ्या सिलिंडरांवर हात ठेवून उभा राहतो, आणि बहुधा नातेवाइकाची जागा जाते. शक्य तेथे आम्ही उन्हाळ्यातली उड्डाणे पहाटेच उरकतो.

मी व्यवसायाने भूलतज्ज्ञ. आयुष्याचा पूर्वार्ध शस्त्रक्रियागृहात, रुग्णाच्या उशाशी बसून गेला. पुढे मुंबईच्या एका रुग्णालयाने अत्यवस्थ रुग्णांना विमानाने आणण्याची सेवा आरंभली, तेव्हा खानदेशची बोली कळणारा आणि तिकडच्या उन्हाला न भिणारा इसम म्हणून जळगाव-धुळ्याकडची कामगिरी आपसूकच माझ्या वाट्यास आली. तिकडे विमानाविषयी जी श्रद्धा आहे ती पाहून मला आरंभी संकोच वाटे. नोव्हेंबर २०२३ मध्ये जळगावकडचे ज्येष्ठ नेते एकनाथ खडसे यांना हृदयविकाराचा त्रास झाल्यावर जळगावहून हवाई रुग्णवाहिकेने मुंबईस हलवण्यात आले, ती बातमी घरोघरी वाचली गेली, आणि तेव्हापासून तर आपल्या माणसासाठी विमान मागवणे हे कुटुंबाच्या कर्तव्याचे, क्वचित प्रतिष्ठेचेही, अखेरचे टोक मानले जाऊ लागले आहे. विमान उतरले की माणूस वाचला, असा एक हिशेब लोकांच्या मनात असतो.

घड्याळाचा हिशेब मात्र निराळा आहे. दूरध्वनी आल्यापासून विमान सिद्ध होणे, उड्डाणाची परवानगी मिळणे, आमची सामग्री चढणे, मुंबईहून जळगाव गाठणे, तेथील अतिदक्षता विभागात रुग्णाचा ताबा घेणे, पुन्हा धावपट्टी, पुन्हा तासाभराचे उड्डाण, मुंबईच्या आकाशात उतरण्याच्या पाळीची प्रतीक्षा, आणि शेवटी सांताक्रूझहून रुग्णालयापर्यंतची वाहनांची गर्दी, एवढे सारे जमेस धरले तर पाच-सहा तास सहज जातात; धुळे, मालेगाव, नाशिक करीत कसारा घाट उतरून येणाऱ्या चांगल्या रुग्णवाहिकेला आठ लागतात. म्हणजे बचत दोन-तीन तासांची. ज्याच्या हृदयाची रक्तवाहिनी आत्ता तुंबली आहे त्याला ही बचत निरुपयोगी आहे. त्याला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांत, जेथे असेल तेथेच, मिळाले पाहिजे, आणि ते न देता विमानाची वाट पाहत बसणे म्हणजे लाखो रुपये मोजून विलंब विकत घेणे होय. विमान उपयोगी पडते ते दुसऱ्या कारणासाठी : रुग्ण यंत्रांच्या आधारावर, हादरे खात, अर्धवट साधनांनिशी काढत असलेला काळ ते आठ तासांवरून दोन-अडीच तासांवर आणते. तो काळ कसा जाईल हे मात्र ढगांत ठरत नाही. ते विमान सुटण्यापूर्वी, जळगाव किंवा धुळ्याच्या खाटेशेजारी, ज्या एका तासात आम्ही वरकरणी काहीच करत नसल्यासारखे दिसतो, त्या तासात ठरते.

त्या तासाचा तपशील मी सांगू शकेन, कारण माझी विद्या जी काही आहे ती त्यातच आहे. विमानाच्या बंद कोठीत हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा राहत नाही. वीस-पंचवीस हजार फुटांवर उडताना आत साधारण आठ हजार फुटांवरची हवा असते. तेथे श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रकाठी १५ टक्के प्राणवायूची हवा घेतल्याइतकाच उरतो, आणि शरीरात कोंडलेली कोणतीही हवा सुमारे तृतीयांशाने फुगते. निरोगी प्रवाशाला याची जाणीव कानाच्या दड्यांपलीकडे होत नाही. परंतु मुंबई-आग्रा मार्गावरच्या अपघातात ज्याच्या बरगड्या मोडल्या आहेत आणि फुप्फुसाभोवती बोटभर हवा साचली आहे, त्याची ती बोटभर हवा वर गेल्यावर फुप्फुस चिरडू लागते. म्हणून छातीत नळी घालायची ती खालीच, जिथे उजेड आहे, जागा आहे, आणि हात स्थिर आहेत. श्वासनलिकेत बसवलेल्या नळीच्या टोकाला हवेचा छोटा फुगा असतो. तोही वर फुगतो आणि आतील नाजूक अस्तर दाबतो, म्हणून त्यातील हवा काढून सलाईन भरायचे किंवा वाटेत त्याचा दाब मोजत राहायचे. आतडे अडलेल्या रुग्णाच्या नाकातून जठरात नळी हवी. कवटी फुटून मेंदूभोवती हवा शिरली असेल तर वैमानिकाला सांगून कमी उंचीवरून, जास्त इंधन जाळून, न्यावे लागते. कधी काही दिवस थांबणेच शहाणपणाचे ठरते.

त्यानंतर प्राणवायूचे गणित. मिनिटाला १० लिटर लागत असतील आणि खाटेपासून खाटेपर्यंत चार तास गृहीत धरले तर २,४०० लिटर होतात. आम्ही दुप्पट नेतो, कारण मुंबईच्या आकाशातली प्रतीक्षा कोणत्याही गणितात बसत नाही. विमानात स्टेथोस्कोप निरुपयोगी असतो, इंजिनाच्या घरघरीत छातीचा आवाज ऐकू येत नाही. म्हणून उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडची रेषा मॉनिटरवर नीट उमटते आहे याची खातरजमा खालीच करायची. सलाईनच्या सुया दोन हव्यात आणि त्या अशा हाताला हव्यात की जो हात माझ्या आसनाच्या बाजूला येईल. रक्तदाब टिकवणारे औषध सिरिंज पंपावर चढवून, रुग्ण आमच्या स्ट्रेचरवर घेऊन, आमच्याच व्हेंटिलेटरवर ठेवून आम्ही पंधरा-वीस मिनिटे नुसते पाहत उभे राहतो. बाहेर नातलग अस्वस्थ होतात. विमान उभे आहे, भाडे चढते आहे, आणि हे डॉक्टर हाताची घडी घालून काय पाहतात? आम्ही पाहत असतो ते एवढेच, की आमच्या यंत्रांवर हा मनुष्य जमिनीवर स्थिर राहतो की नाही. सावद्या-रावेरकडे केळीची गाडी भरताना पाहिली आहे. तिथला जाणता हमाल घड रचण्यात घाई करीत नाही, आणि गाडी सुटल्यावर तिची काळजीही करीत नाही.

याच तासात आणखी एक नाजूक व्यवहार असतो, तो स्थानिक डॉक्टरांशी. विमान बोलावले गेले याचा अर्थ नातलगांच्या मनात पुष्कळदा इथल्यांना जमले नाही असा होतो, आणि तो अर्थ घेऊन कोणी मोठ्याने बोलूही लागतो. अशा वेळी मी सर्वांदेखत त्या डॉक्टरांना विचारतो, साहेब, तुम्ही रात्री काय काय केलेत ते मला सांगा. आणि ते सांगू लागले की बोलणारे गप्प होतात. रात्रभर जागून ज्याने रुग्ण उड्डाणाच्या योग्यतेला आणला त्याचे काम माझ्या कामाहून मोठे असते. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून आहे. जळगावात शासकीय महाविद्यालय २०१८ साली आले. जे रुग्ण पूर्वी मुंबईस धाडावे लागत त्यांतले कितीतरी आता तिथेच बरे होऊन घरी जातात, आणि आमच्या सेवेला पूर्वीइतके बोलावणे आले नाही तर मी ते शुभवर्तमान समजेन. हे वाक्य आमच्या व्यवस्थापनाला रुचणार नाही.

सर्वांत अवघड काम म्हणजे नकार देणे. अमळनेरच्या बाजूचे एक कुटुंब मला आठवते. घरातले वडीलधारे, ज्यांना सगळे नाना म्हणत, मेंदूत मोठा रक्तस्राव होऊन पडले होते. बुबुळे विस्फारलेली, स्वतःचा श्वास नाही. थोरला मुलगा कापसाचे आलेले पैसे आणि शेतावरचे कर्ज मिळून रक्कम उभी करून बसला होता. मी त्याला बाजूला घेऊन सांगितले, भाऊ, विमानाने नेण्यासारखे इथे आता काही राहिलेले नाही. मुंबईत जाऊन जे होईल ते इथेही होईल, फक्त तुम्ही सगळे इथे असाल. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याची आई, जी इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती, उठून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "लेवाना व्हई तर माले बी संगे ली चाला, नहीतर राहू द्या." त्या घरात निर्णय घेणारे माणूस कोण, हे मला तेव्हा कळले. 'फिट टू फ्लाय'चा दाखला हा दस्तऐवज एका पानाचा असतो; त्यावर सही न करण्यासाठी अशी तास-दोन तासांची बैठक लागते, आणि त्याचे बिल कुठल्याच नमुन्यात बसत नाही.

खानदेशला विमान नवखे नाही. धुळ्याजवळ गोंदूरच्या पट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबची शिकाऊ विमाने घिरट्या घालतात, शिरपुरातही वैमानिक घडतात. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ सालचा. त्याच वर्षी मे महिन्यात ऑस्ट्रेलियातील क्लोन्करी गावाहून रेव्हरंड जॉन फ्लिन यांच्या खटपटीने क्वांटासच्या भाड्याच्या विमानात बसून पहिला उडता डॉक्टर निघाला. फ्लिन यांच्या कार्याचे कौतुक होते ते विमानाचे. मला त्यातली खरी करामत वाटते ती पुढच्या वर्षी आलेल्या, सायकलीसारखे पायडल मारून चालवायच्या बिनतारी यंत्राची. शेकडो मैलांवरच्या एकाकी घरातली बाई त्या यंत्रावरून डॉक्टरशी बोले, आणि विमान पोहोचेपर्यंत काय करायचे ते तिला ठाऊक होई.

आमच्याकडे उलटे आहे. सातपुड्याच्या पलीकडे मध्य प्रदेश सरकारने २०२४ मध्ये आयुष्मान कार्डधारकांना विनामूल्य अशी हवाई रुग्णवाहिका सुरू केली. अलीकडे चोपडा, यावल, शिरपूर, अक्राणीच्या पाड्यांवरून रुग्ण अजून बांबूच्या झोळीत खाली उतरतो. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरहून उडालेले एक शिकाऊ विमान चोपडा तालुक्यात वर्डीच्या डोंगरात कोसळले. प्रशिक्षक जागीच गेले, जखमी शिकाऊ वैमानिक मुलीला गावकऱ्यांनी चिखलातून खाली आणले ते एका आदिवासी बाईने काढून दिलेल्या साडीची झोळी करून. आकाशातून पडलेल्या माणसालाही तिथे तेच वाहन मिळाले.

म्हणून जळगाव शहराला दुसरे विमान द्यावे की नाही असा सल्ला कोणी विचारला तर मी पहाडपट्टीकडे बोट दाखवतो. तिथे हेलिकॉप्टर यावे हे मला मान्य आहे. पण त्याआधी धडगावसारख्या ठिकाणी एक सपाट, झाडे नसलेले मैदान राखून ठेवावे, वाऱ्याची दिशा दाखवणारे कापड टांगावे, उतरण्याआधी धूळ बसावी म्हणून पाणी शिंपडायला कोण जाईल ते नावानिशी ठरवून द्यावे, आणि ग्रामीण रुग्णालयातल्या दोन डॉक्टरांना व दोन सिस्टरना श्वासनलिकेत नळी घालण्याचा आणि छातीची नळी सांभाळण्याचा सराव, दर सहा महिन्यांनी, बोलावून द्यावा. एवढ्या तजविजीला विमानाच्या खर्चाचा अल्पांशही लागणार नाही. हेलिकॉप्टर मागाहून, सरकारी मंजुरीच्या गतीने, आले तरी चालेल.