धुरापलीकडचा भाऊ

माझा धाकटा भाऊ गिटार वाजवतो, हे वाक्य आमच्या घरात बरीच वर्षे हळू आवाजात उच्चारले जात असे. अण्णा पोस्टखात्यातून निवृत्त झालेले. संध्याकाळी हातपाय धुऊन पेटीवर नाट्यपदे वाजवावीत, हा त्यांचा नेम. संगीत हे त्यांचे दैवत. परंतु रॉक म्हणजे संगीत नव्हे, असे त्यांचे ठाम मत होते. भावाने अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट टाकून मित्रांबरोबर बँड काढला, तेव्हापासून बापलेकांतले बोलणे जेवणाच्या पानापुरते उरले. मी नोकरीनिमित्त दिल्लीत असते. इंग्रजी-हिंदीतले लेख मराठीत आणणे आणि इतरांनी आणलेले तपासणे हा माझा व्यवसाय. सुटीत घरी गेले, की या दोघांमधले दुभाष्याचे कामही आपसूक माझ्याकडे येई.

२०२३ च्या डिसेंबरात पुण्याबाहेरच्या एका मैदानावर भावाच्या बँडचा कार्यक्रम होता. "अण्णा, एकदा पाहून तरी या," असे मी सुचवले. थोडा वेळ ते वर्तमानपत्राच्या घड्या घालीत राहिले आणि मग म्हणाले, "बरे. मफलर काढून ठेव." घरात एवढ्यावरच सण झाल्यासारखे वाटले.

रॉकचा उघड्यावरचा कार्यक्रम ही आपल्या देशात काही कालची गोष्ट नव्हे. शिलाँगमध्ये लू माजॉ हे गायक १९७२ पासून २४ मे रोजी बॉब डिलन यांचा वाढदिवस गाऊन साजरा करीत आले. मुंबईच्या रंगभवनात १९८६ साली 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झाले. पुढे पुण्यातही २०१० पासून मोठे महोत्सव भरू लागले. रिक्षातून जाताना मी ही माहिती अण्णांना पुरवीत होते. त्यांनी एकच प्रश्न केला : "बसायला खुर्च्या असतात ना?"

खुर्च्या होत्या, आणि सुदैवाने पुढून सातव्या रांगेत. भाऊ डावीकडून तिसरा उभा होता. अण्णांनी चष्मा पुसला. पहिली दोन गाणी त्यांनी गुडघ्यावर ताल धरू पाहत ऐकली. तो कुठे सापडे, कुठे निसटे. तिसऱ्या गाण्यात भावाच्या एकट्याच्या वादनाची जागा होती. त्या जागेसाठी तो महिनाभर झटला होता, हे मला ठाऊक होते. ती जागा आली, तो दोन पावले पुढे सरकला, आणि त्याच क्षणी रंगमंचाच्या दोन्ही कडांनी पांढऱ्या धुराचे लोट सुटले. आधी त्याचे पाय गेले, मग गिटार, मग तो स्वतःच. निळा उजेड त्या ढगात भिजून गेला. सूर ऐकू येत होते, पण ते कोण काढीत आहे याचा पत्ता नव्हता. अण्णा खुर्चीवरून अर्धवट उठले, मान इकडे-तिकडे करून पाहू लागले. मागच्या माणसाने "काका, बसा!" म्हटले, तसे ते बसले. धूर विरळ झाला तेव्हा ती जागा संपली होती आणि गायक पुढे येऊन गात होता.

मला इतका राग आला, की कार्यक्रम संपताच मी थेट धुराची व्यवस्था पाहणाऱ्या मुलाकडे गेले. तो जेमतेम पंचविशीचा, घशात बसलेल्या आवाजाचा. भांडायला गेलेली मी त्याच्याकडून एक धडाच शिकून आले. ज्याला आपण धूर म्हणतो, तो धूर नसतोच. काही जळत नाही. ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन पाण्यात मिसळून ते यंत्रातल्या तापलेल्या धातूमधून ढकलतात. त्याची वाफ बाहेरच्या थंड हवेत येताच अतिसूक्ष्म थेंब होतात; हे झाले धुके. जमिनीलगत सरपटणारे धुके हवे असेल, तर उणे ७८.५ अंश सेल्सिअसचा कोरडा बर्फ गरम पाण्यात सोडतात. तो म्हणजे गोठवलेला कार्बन डाय-ऑक्साइड. त्याचा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड, म्हणून तो खाली बसतो.

"पण हवेच कशाला हे?" मी विचारले.

"ताई, उजेड दिसायला नको का?" तो म्हणाला. त्याचे खरे होते. स्वच्छ हवेतून जाणारा प्रकाशाचा झोत बाजूने दिसत नाही. वाटेत कण असले, की त्यांच्यावरून उजेड विखुरतो आणि झोताला आकार येतो. देवघराच्या खिडकीतून आलेली उन्हाची तिरीप उदबत्तीच्या धुरात कशी उमटते, ते आपण सर्वांनीच पाहिले आहे. बंद नाट्यगृहात त्यासाठी थोडेसे विरळ धुके पुरते आणि टिकतेही. उघड्या मैदानात वारा ते क्षणात पळवतो. म्हणून अधिक सोडावे लागते. "आणि सोडल्यावर वारा पडला, की सगळे तिथेच साचते. आज नेमके तसे झाले. माझे टेबल मैदानाच्या मध्यावर. मलासुद्धा मिनिटभर कोणी दिसले नाही." मग ओशाळून त्याने विचारले, "काकांचा मुलगा होता का तो?"

त्याच्यावर रागावणे मला जमेना. खरे सांगायचे, तर हा अपराध माझ्याही हातून रोज घडतो. साधे वाक्य समोर असते. ते भारदस्त दिसावे म्हणून मी त्यात 'अनुषंगाने', 'यथोचित' आणि 'परिप्रेक्ष्य' सोडते. झोत उठून दिसावा एवढाच हेतू असतो. परंतु वारा पडतो, आणि ज्याच्याविषयी लिहिले तो माणूसच दिसेनासा होतो.

एरवी मोठ्या कलेला या ढगाची गरज पडलेली नाही. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या महोत्सवात जिमी हेंड्रिक्स वाजवायला उभा राहिला, तो सोमवारी सकाळी, लख्ख दिवसाउजेडी. त्याची बोटे साऱ्यांना दिसत होती, आणि तेवढे पुरेसे झाले. आमच्या अण्णांच्या संगीत नाटकांतही तिसऱ्या घंटेला धूप दरवळे. पण पडदा वर गेल्यावर नटाचे तोंड झाकण्याची त्याची हिंमत नसे.

परतताना रिक्षात कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी अण्णा भावाकडे न पाहता म्हणाले, "ते तिसरे गाणे. त्यातला मधला भाग मला दिसला नाही."

"इथे यंत्र नाही अण्णा, आवाज फार बारीक येईल."

"येऊ दे. मला बोटे पाहायची आहेत."

विजेवाचून त्या गिटारीचा आवाज डासाएवढा येत होता. अण्णांनी खुर्ची पुढे ओढली, इतकी की गुडघे गुडघ्यांना लागले. वादन संपल्यावर ते काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तिथे वरच्या सुरावरून खाली येताना घाई करतोस. थांबत जा जरा." भावाने ते पुन्हा वाजवले, या वेळी थांबून. सहा वर्षांत प्रथमच या दोघांना माझ्या मध्यस्थीची गरज लागली नव्हती.

धूर बंद करा, असे माझे म्हणणे नाही. त्या मुलाच्या पोटाचा आणि प्रेक्षकांच्या हौसेचा तो प्रश्न आहे. आयोजकांना विनंती एवढीच, की कोणी एकटा पुढे येऊन वाजवू लागला, तर तेवढा वेळ यंत्राचे बटण मोकळे सोडावे. गर्दीत त्याच्या घरचे कोणी तरी सातव्या रांगेत बसलेले असते.

भावाच्या पुढच्या कार्यक्रमाची तारीख ठरली, तेव्हा अण्णांनी ती स्वतःच कॅलेंडरवर लिहून ठेवली. दिल्लीला मला त्यांचा फोन आला : "तुझ्या त्या धूरवाल्या मुलाला विचार, वारा कोणत्या बाजूने असतो. त्याच्या उलट बाजूच्या खुर्च्या घेऊ."