आईला वाचून दाखवलेल्या कादंबऱ्या

काचबिंदूनं आईची नजर हळूहळू गेली. आधी पोथीची अक्षरं दिसेनाशी झाली, मग वर्तमानपत्राचे मथळे. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालायचे ते उरलेली टिकवण्यासाठी, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. सातवी शिकलेली आई रोज दुपारी काही ना काही वाचायची. ते बंद पडल्यावर ती गप्प गप्प राहायला लागली. म्हणून रात्री जेवणं उरकली की मी तिला अर्धा तास वाचून दाखवायला लागले. तीन वर्षांत वीसेक कादंबऱ्या झाल्या.

मी काही मोठी वाचक नाही. कॉलेजात हाताला येईल ते वाचलं, नोकरी लागल्यावर तेही कमी झालं. पण मोठ्यानं वाचताना कादंबरी वेगळीच कळते. मनात वाचताना कंटाळवाणा परिच्छेद नकळत ओलांडला जातो. तोंडानं वाचायचं तर प्रत्येक वाक्य उच्चारावं लागतं, आणि समोरचं माणूस ऐकतंय की पेंगतंय तेही दिसतं.

आईचं माहेर आटपाडीजवळचं, म्हणून सुरुवात व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’नं केली. 1955 सालची ही कादंबरी माणदेशातल्या धनगरांच्या वाडीची. शाळेवर आलेला पोरसवदा मास्तर, गावाचा कारभारी, सगळ्यांनी राबून उभी केलेली तालीम. वाक्यं इतकी लहान आणि सरळ की मी कुठं अडखळले नाही. शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जातात. तिथं आई म्हणाली, “थांब जरा.” मग ती बाहत्तरच्या दुष्काळाचं बोलत राहिली. कामावर फोडलेली खडी, खायला मिळायची ती सुकडी, चारा नाही म्हणून वडलांनी सोडून दिलेली बैलजोडी. मी तिची पोटची पोर, पण यातलं निम्मं मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. माडगूळकर दुःखाचा गाजावाजा करत नाहीत, म्हणूनच ऐकणाऱ्याला आपलं दुःख आठवायला जागा मिळते. आमच्या घरात या कादंबरीचा नंबर अजून पहिला आहे.

शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ मी शाळेत असताना दोनदा वाचली होती, तीही रडत. आईला ती आवडणारच, अशी माझी खात्री होती. कुंती पोर नदीत सोडते तिथं आईच्या डोळ्यांना पाणी आलंच. पण या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण असे सहा जण आळीपाळीनं आपली कहाणी सांगतात, आणि आई मधेच विचारायची, “अगं, आत्ता कोण बोलतंय?” तिचा प्रश्न खरा होता. सगळ्यांची भाषा सारखीच भरजरी. वाचता वाचता माझाही घसा दमायचा. कर्णावर झालेला अन्याय आजही मनाला भिडतो, पण अलंकार निम्मे असते तर तो अजून जवळचा वाटला असता, असं माझं प्रामाणिक मत झालं.

याच्या उलट ‘कोसला’. नेमाड्यांची ही 1963 सालची कादंबरी मी कॉलेजात असताना दोनदा अर्ध्यात ठेवली होती. काही घडतच नाही, असं वाटायचं. मोठ्यानं वाचल्यावर कळलं, की पांडुरंग सांगवीकर आपल्याशी बोलतोय. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेला पोरगा, त्याची मेस, त्याचे मित्र, बापाशी असलेली अढी. ही ऐकायचीच कादंबरी आहे. मनी ही धाकटी बहीण जाते, ती पानं संपल्यावर आम्ही दोघी त्या रात्री पुढं काही वाचलं नाही.

नारायण धारपांची भयकादंबरी आईनं स्वतःहून मागितली. तिचं मत एका वाक्याचं, “भूत येईपर्यंत भ्या वाटलं, आल्यावर गेलं.” भयकथेबद्दल याहून नेमकं मी कुठं वाचलेलं नाही. जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मधली माणसं तिच्या लक्षात राहिली नाहीत. पण माणसासारखा विचार करणारं यंत्र उद्या माणसाचं ऐकेल का, यावर ती चार दिवस बोलत होती. विज्ञानकादंबरीनं एवढं केलं तरी पुष्कळ झालं. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ सर्वांत भरभर संपली. संवाद असे की थांबवत नाही. फक्त विशीत असताना ती मला जेवढी खोल वाटली होती, तेवढी आता वाटली नाही.

सर्वांत मोठा धक्का दिला तो विश्राम बेडेकरांच्या छोट्याशा ‘रणांगण’नं. 1939 साली आलेली ही कादंबरी युरोपातून निघालेल्या बोटीवर घडते. चक्रधर हा मराठी तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी हॅर्टा. तो मुंबईला उतरतो, तिला पुढं जावंच लागतं. माणदेशाबाहेर फारशी न गेलेली माझी आई म्हणाली, “त्या पोरीला कुठल्याच गावानं उतरून घेतलं नाही?” प्रेमकथा म्हणून हातात घेतलेलं पुस्तक तिनं एका प्रश्नात उलगडून दाखवलं.

ऐतिहासिक, पौराणिक, भय, विज्ञान, प्रेम, या लेबलांवरून पुस्तक निवडणं मी आता सोडलं आहे. कादंबरीतल्या माणसाला स्वतःचा आवाज आहे का, एवढंच मी बघते, आणि दहा पानं मोठ्यानं वाचली की ते समजतं.

तुमच्या घरातही नजर अधू झालेलं कुणी असेल, तर रोज अर्धा तास त्यांना वाचून दाखवा. सुरुवात लहान कादंबरीनं करा आणि ते “थांब जरा” म्हणाले, की पुस्तक मिटून ऐकायला बसा.